मांडवाखालून : भाव कमी करू का, ताई?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी आणि माझी जाऊ तीन वर्षांपासून लग्नाची सजावट, रुखवत आणि विधींचं साहित्य पुरवतो. घर दांडिया बाजारात, सामान समा भागात तळमजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत. खोलीचं भाडं महिन्याला ६,०००. गेल्या वर्षी १९ लग्नं केली. एका लग्नाचे सरासरी ३५,००० घेतो. त्यातून फुलांचे ११,५००, चार कामगारांचे दोन दिवसांचे रोज ८०० प्रमाणे ६,४००, छोट्या हत्तीच्या दोन फेऱ्यांचे २,४००, मोडतोड आणि धुण्याचे २,०००, कामगारांच्या चहा-नाश्त्याचे ९०० जातात. उरतात ११,८००. इन्स्टाग्रामवर ४,२०० जण आहेत, ‘किती सुंदर’ म्हणतात, पण कामं येत नाहीत. हल्ली पॅकेजवाले २८,००० मध्ये सगळं करून देतो म्हणतात. भाव कमी करू, की जाहिरातीवर पैसे घालू?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : अगं, दोन्ही करू नकोस. तू आकडे इतके नीट लिहिलेस म्हणून आधी तुझाच हिशेब पुढे नेते. १९ लग्नांचे ११,८०० प्रमाणे २,२४,२०० झाले. खोलीचं वर्षाचं भाडं ७२,००० गेलं, उरले १,५२,२००. दोघींत वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला ७६,१००, म्हणजे महिन्याला साधारण ६,३४० रुपये. तुझ्याकडे खिळे ठोकायला येणारा मुलगा आठ दिवसांत ६,४०० घेऊन जातो. त्याला तू योग्यच देतेस, त्यात काटछाट करायची नाही. पण तुझ्या कागदावर तुम्हा दोघींची मजुरी कुठेच लिहिलेली नाही, आणि मला वाईट वाटलं ते याचं.

आता २८,००० चा भाव लावून बघ. एका लग्नामागे ४,८०० उरतील. १९ लग्नांचे ९१,२००. त्यातून भाडं गेलं की वर्षाला दोघींत मिळून १९,२००. पहाटे खंडेराव मार्केटमध्ये झेंडूच्या ढिगाशी उभं राहायचं, रात्री दोनला मांडव उतरवायचा, आणि हाती एवढंच? पॅकेजवाल्याला ते परवडतं, कारण तो एकच कापडी पडदा आणि तीच प्लास्टिकची फुलं हंगामभर फिरवतो. त्याच्या मागे धावशील तर पहिल्यांदा ताजी फुलं जातील, मग तुझी ओळख जाईल.

तुझ्या पत्रात एक शब्द तू सहज लिहून गेलीस : ‘विधींचं साहित्य’. माझ्या मते तुझा धंदा तिथे आहे, सजावटीत नाही.

आपल्या बडोद्यात मुलगा मराठी आणि मुलगी गुजराती, किंवा उलट, अशी लग्नं आता ओळखीच्या प्रत्येक घरात एखादं तरी आहे. मी १९९८ मध्ये रावपुऱ्यातल्या घराच्या माळ्यावर सामान ठेवून सुरुवात केली, आणि माझी सगळ्यात जास्त कामं अशाच लग्नांनी दिली. का, ते सांगते. मराठी पत्रिकेत मुहूर्ताची जी वेळ असते ती मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर होण्याची. गुजराती कंकोत्रीत छापतात ती हस्तमेळापाची, म्हणजे नवरा-नवरीचे हात एकमेकांत देण्याची. एकाच लग्नात दोन घरं दोन वेगवेगळ्या क्षणांकडे घड्याळ लावून बसलेली असतात आणि हे कुणी बोलूनच घेतलेलं नसतं. आपले गुरुजी आणि त्यांचे पुरोहित, म्हणजे गोर महाराज, यांना आठ दिवस आधी समोरासमोर बसवून क्रम लिहून घेणं, हे काम ज्या घरासाठी तू करशील ते घर तुला विसरणार नाही.

मग सामान. गुजराती बाजूला दारात जावयाला पोंखतात, म्हणजे ओवाळून आत घेतात. त्याला मुसळ, रवी, चाती आणि जू यांच्या छोट्या लाकडी प्रतिकृती लागतात, नवरदेवाने पायाने फोडायचं मातीचं संपुट लागतं. मांडवात ‘चोरी’च्या, म्हणजे फेऱ्यांच्या चौकोनाच्या कोपऱ्यांतल्या, मातीच्या उतरंडी लागतात. आपल्याकडे गौरीहराची पूजा, मुंडावळ्या, अंतरपाट, सप्तपदीसाठी तांदळाच्या सात राशी आणि सुपाऱ्या. मुलीचा भाऊ दोन्हीकडे हवाच. त्यांच्या फेऱ्यांत तो जव-तीळ देतो, आपल्या लाजाहोमात लाह्या देतो आणि मग नवऱ्याचा कान पिळतो. तो भाऊ नेमका त्या वेळी हॉलबाहेर वऱ्हाडाच्या गाड्या लावत असतो. त्याला आदल्या संध्याकाळी सांगून ठेवायचं, हेही तुझ्याच यादीत लिही. पाट आणि चौरंग संखेड्याचे घे. लाखेचं ते लाल-सोनेरी काम दोन्ही घरांना आपलं वाटतं, आणि बडोद्याहून संखेडा काही लांब नाही.

या सगळ्याचे वेगळे पैसे लाव. ‘विधी-नियोजन आणि साहित्य’ अशी स्वतंत्र ओळ, ७,००० किंवा ८,००० रुपये, जे तुला पटेल ते. सजावटीत हे फुकट मिसळू नकोस. फुकट मिसळलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

गिऱ्हाईक कुठून येईल, हे विचारतेस. लग्न ठरलं की घरातली माणसं पहिल्यांदा कुणाकडे जातात, ते आठव. गुरुजींकडे, गोर महाराजांकडे, वाडीच्या (लग्नाच्या हॉलच्या) व्यवस्थापकाकडे, ब्लाऊज शिवणाऱ्या बाईकडे. इन्स्टाग्राम नंतर येतं. म्हणून एक कागद तयार कर : एका बाजूला मराठी विधींचं साहित्य, दुसऱ्या बाजूला गुजराती, वस्तू किती आणि कधी लागेल ते समोर, आणि खाली तुझा नंबर. गुरुजींना बसवून तपासून घे, चूक एकही नको. त्याच्या शंभर प्रती गुरुजींनाच दे. प्रत्येक यजमानाला यादी तोंडी सांगून ते दमलेले असतात, ते आनंदाने वाटतील. कामामागे टक्के देण्याच्या फंदात मात्र पडू नकोस. टक्के सुरू झाले की तुझं नाव चांगल्या कामासाठी सुचवलं जात नाही, टक्क्यांसाठी सुचवलं जातं. त्यापेक्षा दिवाळीला घरी जाऊन फराळ दे, वाकून नमस्कार कर.

हे वाटप चातुर्मासात कर. आषाढी एकादशीनंतर आपलं काम थांबतं, पण घरांत ठरवाठरवी तेव्हाच चालू असते. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, गुजराती घरांत कमुर्ता पाळतात, लग्नं करत नाहीत, त्यामुळे मधल्या थोड्या आठवड्यांत सगळ्यांची एकच झुंबड उडते. तेव्हा धावून उपयोग नाही. मधल्या रिकाम्या महिन्यांत मंगळागौर, डोहाळजेवण आणि गौरी-गणपतीची आरास घे. पैसे थोडे मिळतील, पण ज्या घरात गौरी सजवशील त्या घरातल्या मुलीचं लग्न कधीतरी येईलच.

इन्स्टाग्राम बंद करू नकोस. ते ४,२०० जण कोणत्या गावचे आहेत, ते तिथेच दिसतं, एकदा बघ. रुखवताच्या हौशी मुली पुण्या-नाशिकच्या असतील तर त्या कौतुक करतील, काम देणार नाहीत. प्रत्येक फोटोखाली ‘वडोदरा’ लिही आणि किंमत कितीपासून सुरू होते तेही लिही. नवरीचा फोटो टाकण्याआधी तिची परवानगी बुकिंगच्या कागदावरच घे. गूगलवर व्यवसायाची नोंद मोफत होते, दुकान नसलं तरी चालतं, घरचा पत्ता लपवून सेवा देण्याचा भाग दाखवता येतो. ती आधी कर. अभिप्राय मागायचा तो लग्नानंतर चार-पाच दिवसांनी, सत्यनारायण उरकून घर शांत झालं की. त्यासाठी सूट किंवा भेट देऊ नकोस, गूगलच्या नियमात ते बसत नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये कॅटलॉग मोफत आहे. पण एक लक्षात ठेव, ब्रॉडकास्टचा निरोप ज्यांनी तुझा नंबर जतन केलाय त्यांनाच पोचतो. म्हणून पहिल्या भेटीतच समोर बसून नंबर जतन करून घे.

पैशांची शिस्त. तारीख पक्की करताना निम्मे, फुलांची ऑर्डर देण्याआधी चाळीस टक्के, उरलेले दहा मांडव उभा राहिला की, विधी सुरू होण्याआधी. बिदाईनंतर कुणाचंही मन पैशांत नसतं, आणि ते साहजिक आहे. २०११ मध्ये वाघोडिया रोडवरच्या एका लग्नाचे माझे १४,००० राहिले. चांगलं घर होतं, नातंही लांबचं लागत होतं. मी सहा वेळा गेले, सहाही वेळा चहा प्यायले आणि परत आले. सातव्यांदा जायची लाज वाटली. त्या चौदा हजारांपैकी सहा हजार माझ्या कामगारांचे होते, ते मी मंगळसूत्राच्या वाट्या सोडून उरलेलं सोनं गहाण ठेवून दिले. तेव्हापासून नातं असो वा नसो, कागद आधी. ‘आपलीच माणसं’ म्हणून कुणी सूट मागितली तर टक्के कमी करू नकोस. औक्षणाचं ताट माझ्याकडून, असं सांग. देणं दिसतं आणि भाव मोडत नाही.

आणि ती समाची तळमजल्यावरची खोली सोड. हे मी कळकळीने सांगते आहे. आपलं सामान वर्षभर फिरत असतं आणि नेमकं चातुर्मासात सगळं एका जागी येऊन पडतं, आणि विश्वामित्रीला पूर येतो तोही तेव्हाच. २०१९ मध्ये जुलैच्या शेवटच्या दिवशी शहर बुडालं, तेव्हा मी वाचले. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस नाही वाचले. माझे अंतरपाट, पैठणीचे पडदे, आईने विणलेली रुखवताची क्रोशाची तोरणं, सगळं चार दिवस गढूळ पाण्यात होतं. पडदे नवे आणता आले. तोरणं नाही. भाडं हजार-दीड हजार जास्त पडलं तरी वरचा मजला घे, आणि तो वाढीव खर्च लग्नाच्या भावात धर.

कागदपत्रांचं थोडक्यात : उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) ऑनलाइन आणि मोफत आहे, कुणा मध्यस्थाला पैसे देऊ नकोस. सेवा व्यवसायाला जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की करावी लागते. तुझी आज ६,६५,००० आहे.

प्रश्न : ताई, मी लग्नात साउंड लावतो. एका हॉलवाल्याने सांगितलं की गाण्यांचं लायसन्स आणल्याशिवाय वरातीत आणि संगीतच्या कार्यक्रमात गाणी वाजवू देणार नाही. गिऱ्हाईक म्हणतं, तो खर्च तुम्हीच करा. काय करू?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : भाऊ, कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ५२(१)(झेडए) छापून जवळ ठेवा. धार्मिक समारंभात गाणी वाजवणं हे त्यात उल्लंघन धरलेलं नाही, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले सामाजिक कार्यक्रम त्यात येतात, असं स्पष्टीकरण कलमातच आहे. केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन विभागाने जुलै २०२३ मध्ये याच विषयावर जाहीर सूचनाही काढली होती. दोन्ही कागद हॉलवाल्याला नम्रपणे दाखवा, गिऱ्हाइकाच्या देखतच दाखवा. हॉलमध्ये लग्नाशी संबंध नसलेला तिकिटाचा कार्यक्रम असेल तर मात्र ही सवलत धरू नका.

वेळेचं वेगळं आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. नवरात्रात गरबा बारापर्यंत चालतो तो सरकारने ठरावीक दिवसांना दिलेल्या सवलतीमुळे, ती लग्नाला लागू होत नाही. बुकिंगच्या कागदावर ‘१० वाजता आवाज बंद’ ही ओळ मोठ्या अक्षरात घाला आणि मुलाच्या मामाची त्यावर सही घ्या. दहा वाजता नाचणाऱ्यांना थांबवायला तुम्ही गेलात तर भांडण होतं, मामा गेले तर होत नाही.