डोक्याला मार लागल्यावर मुलगा बोलतो स्पष्ट, पण मित्र टाळतात. नक्की तपासायचं काय?

तुम्ही लिहिलंय की नऊ वर्षांचा मुलगा आठ महिन्यांपूर्वी गाडीवरून पडला, डोक्याला मार लागला. आता बोलणं स्पष्ट आहे, भाषेच्या चाचणीचा रिपोर्टही ‘नॉर्मल’. पण पाहुण्यांना तोंडावर काहीही बोलतो, तेच तेच सांगत राहतो आणि मित्र खेळायला बोलावेनासे झालेत. मग अडतंय कुठे, हा तुमचा प्रश्न.

मी स्पीच थेरपिस्ट आहे, अशी मुलं माझ्याकडे येतात. तुम्हाला जे दिसतंय तो भास नाही. चाचणीही चुकलेली नाही, तिने दुसरंच काहीतरी मोजलं. शांत खोली, समोर एकच मोठं माणूस, एका वेळी एक प्रश्न. मित्रांच्या घोळक्यात चौघं एकदम बोलतात, विषय उड्या मारतो आणि समोरच्याचा चेहरा बघून कुठे थांबायचं ते ठरवावं लागतं. हे सांभाळण्यात कपाळामागच्या फ्रंटल लोबचा मोठा वाटा असतो आणि डोक्याच्या मारात हा भाग बऱ्याचदा दुखावतो.

म्हणून मी मुलाला सांगते, ‘मला लगोरी येत नाही, शिकव.’ एक मुलगा म्हणाला, ‘मग ते फोडायचं, मग तो मारतो, मग आऊट.’ काय फोडायचं, कोण मारतो, कशाने, पत्ताच नाही. वाक्यं मात्र बिनचूक. मी आठ्या घातल्या, ‘अं?’ केलं, तरी गाडी पुढेच. माझ्या वहीत त्या दिवशी लगोरीपेक्षा या आठ्यांचीच नोंद मोठी होती. ऐकणाऱ्याला कळलेलं नाही, हे त्याला जाणवतच नव्हतं.

दुसरं, पेन मागायला लावते: धाकट्या बहिणीकडे, मित्राकडे, शाळेतल्या बाईंकडे. ‘दे’ आणि ‘द्याल का’ यातला फरक आपली मुलं शाळेत जायच्या आधीच उचलतात. अपघातानंतर तो नियम विचारला तर सांगता येतो, पण ऐन वेळी पाळला जात नाही. पसारा बघून आई ‘वा, काय छान आवरलंय!’ म्हणाली तर तिला काय म्हणायचं होतं, हेही विचारते. काही मुलं मनापासून सांगतात, ‘आईला आवडलं.’

पालकांनी भरायची प्रश्नावलीही असते. ‘चिल्ड्रन्स कम्युनिकेशन चेकलिस्ट’च्या दुसऱ्या आवृत्तीत ७० विधानं आहेत, ४ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी. गुण ज्यांच्याशी ताडायचे ती मूळ प्रमाणं ब्रिटनमधल्या मुलांवरून काढलेली आहेत, म्हणून मी तिच्या गुणांवर निकाल देत नाही. आई, बाबा आणि वर्गशिक्षिका यांची उत्तरं कुठे जुळत नाहीत, ते बघते. शाळेतच बिघडत असेल तर गोंगाट, थकवा, लक्ष न टिकणं यांचा हात असू शकतो. एकच गोष्ट पुन्हा सांगण्यामागे कधी कधी निव्वळ विसर असतो. ऐकण्याची तपासणी झाली नसेल तर ती आधी करा.

भेटीला येताना दोन व्हिडिओ आणा: अपघाताआधीचा कुठल्याही वाढदिवसाचा, आणि आत्ताचा, दोन-तीन मुलांसोबत खेळतानाचा. ‘आधी कसा होता’ याला याहून चांगला पुरावा माझ्या बघण्यात नाही. थेरपिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेलाच घ्या. मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. वेळ सकाळची मागा, शाळेनंतर दमलेल्या मुलाची तपासणी नको.

आणि आत्ता सगळं ठीक निघालं तरी पाचवी-सहावीत पुन्हा तपासा. त्या वयात चिडवणं, गुपितं, टोमणे वाढतात आणि तोवर झाकलेली अडचण तेव्हा वर येते. तोपर्यंत वर्गशिक्षिकेला एक चिठ्ठी द्या, हा उद्धटपणा नाही, दुखापतीचा परिणाम आहे, म्हणून. आठ महिने त्याने याच गोष्टीसाठी बोलणी खाल्ली असतील.