ऑगस्टमध्ये श्रीलंका? मिरिसा सोडा, त्रिंकोमालीला जा

ऑगस्टचा पहिला आठवडा, बरोबर सासूबाई आणि दोन मुलं, त्यात दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिसाला तीन रात्री देवमाशांसाठी... तुमचा बेत वाचला आणि राहवलं नाही. हाच बेत घेऊन आम्ही जुलैत गेलो होतो. व्हिसा, पैसे वगैरे तुम्ही बघालच, त्यात शिरत नाही.

आम्ही ठिकाणं आधी ठरवली आणि महिना बघितलाच नाही. जिथे बुकिंग केलं तिथले गृहस्थ छातीठोकपणे म्हणाले, "श्रीलंकेला बारा महिने सीझन." मिरिसाला पोचलो तर किनाऱ्यावर लाल बावटा, पाणी गढूळ, देवमासे दाखवणाऱ्या बोटी बंद. तीन दिवस खोलीत पत्ते कुटले. वाळत घातलेले टॉवेल निघायच्या दिवशीही ओलेच होते. परत आल्यावर फोन केला तर उत्तर मिळालं, "पाऊस काय आमच्या हातात आहे का?" हातात नाही, कबूल, पण तो कधी येतो हे सांगायचेच तर पैसे घेतले होते ना! अजून संताप होतो.

आपल्याकडे येतो तोच नैऋत्य मोसमी पाऊस मे ते सप्टेंबर तिथल्या दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर असतो. मधले डोंगर तो अडवतात, म्हणून पूर्व बाजू तेव्हा कोरडी. कोकण भिजतं आणि माणदेश तापतो, तसंच. मिरिसाचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल.

म्हणून माझं ठाम मत: त्या तीन रात्री पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीला द्या. तिथल्या निलावेली किनाऱ्यावरचा समुद्र तेव्हा शांत असतो, कड्यावरचं कोनेश्वरम् मंदिर सासूबाईंना नक्की आवडेल. वाटेत मिन्नेरिया. राजा महासेनाने बांधलेला हा तलाव या दिवसांत आटतो, तळाशी कोवळं गवत उगवतं आणि हत्तींचे कळप उतरतात. संध्याकाळची जीप घ्या. निघण्याआधी विचारा, हत्ती इथे आहेत की शेजारच्या कौडुल्लात. आम्हाला एक पिल्लू आईच्या पायांमधून सोंड बाहेर काढून बघताना दिसलं, माझी धाकटी अजून त्याची नक्कल करते.

सिगिरियाला, म्हणजे प्रचंड खडकावरच्या जुन्या किल्ल्याला, दार उघडतानाच हजर राहा. सुमारे १,२०० पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर सासूबाईंनी खालच्या बागा बघाव्यात, त्याही पाचव्या शतकातल्याच. वर गांधीलमाशांची पोळी आहेत, मुलांना आरडाओरडा करू देऊ नका.

हवामानाची हमी मी देऊ शकत नाही, पूर्वेलाही एखादी सर येतेच. कँडीला जाणार असाल तर पेराहेराच्या, म्हणजे तिथल्या उत्सवी मिरवणुकीच्या, तारखा आधी बघा, त्या दिवसांत खोल्या फार महागतात.

आणि श्रावण पाळत असाल तर पोल संबोल मागताना "उंबलकड नको" असं स्पष्ट सांगा. दिसायला ती आपली ओल्या खोबऱ्याची चटणीच, पण बहुतेक ठिकाणी त्यात सुक्या माशाचा चुरा असतो.