सांगलीत घरं महाग आहेत ती पर्यावरण परवानगी आणि झोनिंगमुळे का?

तुम्ही विचारलंय की हे नियम नसते तर सांगलीत घरं स्वस्त झाली असती का. घरांचे नकाशे मंजुरीला टाकणं हेच माझं काम, म्हणून उत्तर देतोय.

पर्यावरण परवानगीचं आधी उरकून टाकू. केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार ती २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामांनाच लागते. ते दुखणं मुंबई-पुण्याच्या टॉवरवाल्यांचं. विश्रामबागेतल्या चार मजली अपार्टमेंटचा बिल्डर दर वाढवताना हे कारण देत असेल, तर खुशाल हसा.

झोनिंग म्हणजे कुठे काय बांधता येईल याचे नियम. त्यात आपल्याकडे घोडं अडतं ते पूररेषेपाशी (पुराचं पाणी कुठवर येतं ती नकाशावरची रेषा) आणि लेआउटपाशी (जमिनीचे प्लॉट पाडायचा आराखडा).

निळ्या रेषेच्या आत (२५ वर्षांतून एकदा येणारा पूर) नवीन घर बांधता येत नाही. निळी ते लाल (१०० वर्षांतून एकदा येणारा पूर) या पट्ट्यात बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर उचलावं लागतं. भरावालाच निम्मं बजेट जातंय असं वाटायला लागतं. मग मालक हळूच म्हणतात, "साहेब, दोन फूट कमी धरा की, कोण मोजतंय?" मी नाही धरत. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. पूर ओसरल्यावर एका घरात पंख्याच्या पात्यांवर गाळ वाळलेला पाहिलाय. हा नियम घर महाग करतो हे खरं, पण तो सैल करा असं मी तरी म्हणणार नाही.

लेआउटचं गणित वेगळं. रस्ते सोडा, मोठ्या लेआउटला १० टक्के मोकळी जागा सोडा. सोडलेल्या जमिनीची किंमत उरलेल्या प्लॉटवर चढते. मार्केट यार्डातल्या हमालाला किंवा कुपवाड एमआयडीसीतल्या कामगाराला तो प्लॉट झेपत नाही. पण म्हणून तो घराविना राहत नाही, मंजुरी नसलेल्या जमिनीतला गुंठा घेतो. नोटरी, सातबाऱ्यावर सामाईक नावं, रिक्षा वळणार नाही असा बोळ. शामरावनगरचा बराच भाग असाच वसला. सखल जागा, काळी माती, पावसाळ्यात चिखल.

म्हणजे नियमांनी घरांची संख्या फारशी घटली नाही, स्वस्त घरं नियमाबाहेर गेली. त्यात अशी गुंठ्यांवरची घरं नियमित करून देणारा २००१ चा गुंठेवारी कायदा आला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढली. तारीख पुढे सरकते हे प्लॉट पाडणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

माझ्या मते पालिकेने उंचावरच्या जमिनीत रस्ता आणि गटार आधी टाकावं आणि एक-दीड गुंठ्याचे प्लॉट सहज मंजूर करावेत. पूररेषेला हात न लावता घरं वाढतील.

तुम्ही घ्यायच्या विचारात असाल तर इसार देण्याआधी झोन दाखला (ती जमीन कोणत्या वापरासाठी आहे याचा दाखला) आणि पूररेषेचा नकाशा काढा. एजंट 'पाणी इथपर्यंत येत नाही' म्हणाला, तर शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा.