बंद यंत्रातही थंडी कशासाठी?

प्रश्न : जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील लार्ज हॅड्रॉन कोलायडर हे कणांच्या टकरी घडवणारे यंत्र देखभालीसाठी बंद असतानाही तेथील कण टिपणारे सिलिकॉन शोधक शक्यतो थंडच ठेवतात, असे वाचनात आले. कणांचा मारा थांबल्यावरही याची गरज काय?

उत्तर : मारा थांबला तरी त्याने झालेली मोडतोड स्फटिकात स्थिर राहत नाही, हे त्याचे कारण आहे. विद्युतभारित कण सिलिकॉनमधून जाताना इलेक्ट्रॉन सुटे करतो. त्यातूनच आपल्याला संकेत मिळतो आणि स्फटिकाची आतली रचना त्याने बिघडत नाही. मात्र पायॉन (टकरीतून निघणारा एक अल्पायुषी कण), प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनच्या धक्क्याने सिलिकॉनच्या अणूला सुमारे 25 इलेक्ट्रॉन-व्होल्टहून अधिक ऊर्जा मिळाली, तर अख्खा अणूच जागेवरून उखडतो आणि मागे पोकळी उरते. हे भटके अणू आणि या पोकळ्या स्फटिकात फिरत राहतात, त्यातील ऑक्सिजन, कार्बन, फॉस्फरस यांच्या अणूंशी जुळतात आणि टिकाऊ दोष निर्माण करतात.

या दोषांमुळे गळतीचा प्रवाह, म्हणजे कण आला नसतानाही शोधकातून वाहणारी वीज, माऱ्याच्या प्रमाणात वाढतो. हा प्रवाह दर सात-आठ अंशांना दुप्पट होत असल्याने शोधक तापला की प्रवाह वाढतो आणि प्रवाह वाढला की तो आणखी तापतो. चालू यंत्रातील थंडी मुख्यतः या दुष्टचक्रासाठी असते. शिवाय काही दोष संकेताचे इलेक्ट्रॉन वाटेतच अडकवून ठेवतात.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र तिसऱ्या परिणामात आहे, आणि मला तोच सर्वांत विलक्षण वाटतो. फॉस्फरस मिसळलेले एन-प्रकारचे (ज्यात वीज मुख्यतः इलेक्ट्रॉन वाहतात असे) सिलिकॉन दोष साचत गेल्यावर पी-प्रकारासारखे (ज्यात ती मुख्यतः ‘होल’, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या धनभारित रिकाम्या जागा, वाहतात तसे) वागू लागते. संपूर्ण जाडीत विद्युतक्षेत्र पोहोचवण्यासाठी लागणारे व्होल्टेज आधी उतरते, पण हा पालट झाल्यावर चढतच जाते. सामान्य तापमानात काही दिवस ठेवल्यास थोडी दुरुस्ती आपोआप होते, हे खरे. पण ती ऊब महिनोन्‌महिने लांबली तर उलट नवे दोष सक्रिय होऊन हे व्होल्टेज पुन्हा वाढते. शून्याखाली ही प्रक्रिया जवळजवळ गोठते, म्हणून उबेचे दिवस मोजून-मापूनच दिले जातात.

या यंत्राच्या पुढील टप्प्यातील अधिक तीव्र माऱ्यासाठी आता मुळातच पी-प्रकारचे सिलिकॉन निवडले आहे. त्यात असा पालट होत नाही आणि संकेत मुख्यतः इलेक्ट्रॉनांकडून मिळतो, जे होलपेक्षा सुमारे तिप्पट चपळ असल्याने वाटेत कमी अडकतात.