'विद्येविना मति गेली' : यमक, सार की कारणमाला?

प्रश्न असा आहे : जोतीराव फुल्यांच्या 'विद्येविना मति गेली, मतिविना नीति गेली, नीतिविना गति गेली, गतिविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले' या ओळींत नेमका कोणता अलंकार? विचारणाऱ्याला यमक, अनुप्रास आणि सार अशी तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली आहेत. शिवाय एक शंका आहे. इतक्या पोटतिडकीने लिहिलेल्या मजकुरात अलंकार शोधणं बरं दिसतं का?

उत्तर आधी देतो : कारणमाला. शाळेच्या व्याकरणातल्या नेहमीच्या यादीत हे नाव सहसा नसतं, म्हणून घोटाळा होतो. अकराव्या शतकातल्या मम्मटाच्या 'काव्यप्रकाश' या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात याचं लक्षण आहे. आधीची गोष्ट पुढचीचं कारण, ती पुढची तिच्याही पुढचीचं कारण, अशी ओळ लागली की कारणमाला. त्याने दिलेल्या उदाहरणात इंद्रियनिग्रहातून विनय, विनयातून गुण, गुणांमुळे लोकांचं प्रेम आणि त्या प्रेमातून संपत्ती येते.

सारमध्येही साखळी असते, पण तिथे एकातून दुसरं निघत नाही, एकापेक्षा दुसरं सरस ठरतं. 'काव्यात नाटके रम्य, नाटकांत शकुंतला' हे आपण सगळ्यांनी घोकलेलं उदाहरण. त्यात नाटकांमुळे शाकुंतल जन्मलं असं कुणी म्हणत नाही. फुल्यांच्या ओळीत मात्र प्रत्येक दुवा 'विना'ने जोडलेला आहे. हे नाही म्हणून ते गेलं. तिथे सार लिहिलं तर ते चूकच.

यमक-अनुप्रास म्हणणारे अगदीच चुकत नाहीत. मति, नीति, गति यांचा नाद उघड ऐकू येतो. पण एक जुनी कसोटी लावून पाहा : शब्द बदलून समानार्थी शब्द घाला. 'ज्ञान नसल्याने बुद्धी गेली, बुद्धी नसल्याने सदाचार गेला, सदाचार नसल्याने...' नाद संपला, साखळी मात्र शाबूत राहिली. म्हणजे नाद हा शब्दालंकार, साखळी हा अर्थालंकार. दोन्ही एकाच वाक्यात तीळ-तांदळासारखे वेगवेगळे ओळखू येतात. अशा मिश्रणाला शास्त्रात संसृष्टी म्हणतात.

आता शंकेकडे. अलंकार म्हणजे वरून चढवलेला दागिना, असं धरलं तरच ती शंका उभी राहते. इथे अलंकार काढला तर उरतं काय? 'शिक्षण नसल्याने शेतकऱ्याचं फार नुकसान झालं.' हे वाक्य कुणालाही मान्य होईल आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्याही लक्षात राहणार नाही. मला तरी या ओळींत सजावट दिसत नाही. युक्तिवादच त्या घडणीत बसवलेला आहे.

तो काम कसा करतो ते पाहा. 'मति गेली' यातली मति लगेच पुढच्या तुकड्याच्या तोंडाशी येते. दोन तुकडे झाले की कानाला रीत कळते, आणि 'नीति गेली' ऐकल्यावर पुढचा तुकडा 'नीतिविना'ने सुरू होणार हे वाचक लेखकाच्या आधी म्हणून टाकतो. मनाने होकार देण्याआधी कानाने दिलेला असतो. टिळकांच्या 'केसरी'तल्या १८९७ सालच्या 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' या मथळ्याची ताकद याच जातीची आहे. तिथे काकू आहे, म्हणजे उत्तर आपल्याच स्वरात दडवलेला प्रश्न, आणि ते उत्तर वाचकाच्या तोंडून निघतं. दोन्हीकडे वाचक नुसता ऐकत बसत नाही.

अशा साखळीत धोकाही असतो, तो सांगायला हवा. एखादा दुवा कच्चा असला तरी नादाच्या भरात खपून जातो. म्हणून मी 'नीतिविना गति' इथे मुद्दाम थांबतो. नीती गेल्याने प्रगती कशी काय जाते? पण गती म्हणजे नुसती हालचाल किंवा प्रगती नव्हे. 'गत्यंतर नाही', 'अगतिक झालो' यांत जी गती आहे तिचा अर्थ वाट, उपाय, आधार. तो अर्थ घेतला की दुवा घट्ट बसतो : योग्य-अयोग्याची जाण गेली की वाट सापडत नाही, माणूस अगतिक होतो, आणि अगतिक माणसाच्या हातात पैसा टिकत नाही.

मग येतं 'खचले'. तोवर सगळं 'गेली, गेली, गेली, गेले' असं चाललेलं असतं, आणि माणूस आला तिथे क्रियापद बदलतं. पडले नाही, मेले नाही, खचले. भिंत खचते, जमीन खचते, विहिरीचा काठ खचतो. खालचा आधार हळूहळू निघून जातो आणि वरचं सगळं बसत जातं. मनाने खचणंही त्यातच आलं. वरचे चार तुकडे म्हणजे निघून गेलेला आधारच आहे, हे या एका शब्दाने कळतं.

'विद्या ददाति विनयम्' हे सुभाषितही कारणमालाच आहे. विद्येतून विनय, त्यातून पात्रता, मग धन, धर्म आणि सुख. सुरुवात तीच, वाटेत पैसाही तोच. पण ती माळ विद्या मिळालेल्याला वर नेते, आणि फुल्यांची माळ विद्या नाकारलेल्याला खाली उतरताना दाखवते. 'शेतकऱ्याचा असूड'चा उपोद्घात १८८३ चा. त्याच्या तोंडाशी ही उलटी माळ आहे.

शेवटचा तुकडा साखळीत बसत नाही, असं काहींना वाटतं. तो साखळीचा दुवा नाहीच, ती गाठ आहे. 'विद्येविना'ने सुरू झालेलं वाक्य 'अविद्येने'वर परत येतं. 'इतके' आणि 'एका' समोरासमोर उभे राहतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं क्रियापद इथे आहे. आधी सगळं आपोआप गेलं, खचलं. करणारा कुणी दिसत नव्हता. इथे पहिल्यांदा 'केले' येतं, आणि अविद्या तृतीया विभक्तीत कर्ती म्हणून पुढे येते. वेदान्तात जी अविद्या ब्रह्म झाकते, ती इथे शेतकऱ्याची मती, वाट आणि पैसा नेते.