दिवाळीच्या तोंडावर थकलेलं बिल

प्रश्न : ताई, भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मी अकाउंट्स बघते. एका मोठ्या कंपनीला आम्ही सुटे भाग करून देतो. धनत्रयोदशीच्या आधीचा आठवडा दरवर्षी अंगावर येतो. कामगारांचा बोनस द्यायचा असतो, कंपनीचे पैसे आलेले नसतात आणि राजकोटचा कास्टिंगवाला त्याच्या पैशांसाठी माझ्यामागे लागलेला असतो. साहेब म्हणतात, "कडक मेल टाक, गोड लिहिलं की कुणी बघत नाही." मला तसं लिहवत नाही. नम्रपणे लिहून पैसे येतात का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : येतात, पण मेल नेमका हवा. मी बरीच वर्षं एका कंपनीच्या खरेदी विभागात होते, त्यामुळे असे मेल टेबलाच्या पलीकडून वाचले आहेत. "वारंवार सांगूनही आपण दाद देत नाही, पेमेंट ताबडतोब सोडा" असा मेल उघडला की आधी शोधाशोध करावी लागे. बिल कोणतं, किती रुपयांचं, कुठल्या पीओचं, म्हणजे खरेदी ऑर्डरचं? दिवाळीआधी तेवढी सवड कुणाला? मेल तसाच पडून राहायचा. दुर्लक्ष अर्धवट मेलकडे होतं, मग तो गोड असो की कडक.

शिवाय मेल वाचणारा माणूस तुमचे पैसे अडवून बसलेला नसतो. माल पोचलेला असतो पण जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, झालेला नसतो, क्वालिटीने लॉट होल्डवर ठेवलेला असतो, नाहीतर बिल त्यांच्या जीएसटीआर-2बीमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या त्यांच्या खरेदीच्या यादीत, दिसत नसतं. हे शेवटचं तर तुमच्याच हातात आहे. तुमचं रिटर्न दर महिन्याचं असेल, तर 11 तारखेपर्यंत जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरलं की मागच्या महिन्याचं बिल 14 तारखेला त्यांच्या 2बीत उतरतं. तेवढं तपासा आणि मग असं लिहा :

"नमस्कार. बिल क्रमांक अमुक, रक्कम 3,84,000 रुपये. माल 18 ऑगस्टला आपल्याकडे उतरला, सही-शिक्क्याचं चलन सोबत जोडलं आहे. 45 दिवस 2 ऑक्टोबरला पूर्ण झाले. जीआरएन किंवा क्वालिटीकडे काही अडलं असेल तर कळवा, लागतील ते कागद आजच पाठवते. अडलं नसेल तर पेमेंट कोणत्या तारखेला धरलं आहे, तेवढं सांगा. आम्हाला धनत्रयोदशीआधी बोनस द्यायचा आहे."

यात आवाज कुठेच चढलेला नाही, पण टाळायलाही जागा नाही. 45 दिवस मुद्दाम घातले आहेत. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. छोट्या उद्योगांसाठीचा 2006चा एमएसएमईडी कायदाच तसं सांगतो. पैसे हक्काचे आहेत, तेव्हा गयावया नको आणि दमदाटीही नको.

पहिल्याच मेलला त्यांच्या डायरेक्टरांना सीसीत घालू नका. वरिष्ठांसमोर फजिती झालेला माणूस पुढचं प्रत्येक बिल नियमावर बोट ठेवून तपासतो, हे मी जवळून पाहिलं आहे. उत्तर आलं नाही तर फोन करा, आणि वर लिहायचंच झालं तर त्याला आधी सांगा. दिवाळीच्या शुभेच्छा मात्र वेगळ्या पाठवा. थकबाकीच्या मेलखाली चिकटवलेल्या शुभेच्छा वाचाव्याशा वाटत नाहीत.

मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या राजकोटवाल्याची. हाताशी पैसे नसले की बहुतेक जण उत्तरच देत नाहीत, आणि माझ्या मते यासारखा दुसरा अपमान नाही. त्याच्याही दारात बोनससाठी माणसं उभी असतात. साहेबांशी बोलून घ्या आणि त्याला आजच कळवा : एवढी रक्कम धनत्रयोदशीआधी, उरलेली अमुक तारखेला. देता येईल तीच तारीख लिहा. गुजरातेत कितीतरी पेढ्या आणि कारखाने दिवाळीनंतर थेट लाभपंचमीला, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला, उघडतात, आणि बिहारकडचे कामगार गावी गेले असतील तर ते त्यानंतरची छठपूजा करूनच परततात. तेव्हा पुढच्या कास्टिंगची तारीखही त्या बेताने मागा, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी "माल कुठे आहे?" असा मेल टाकू नका. या मेलला साहेबांना जरूर सीसीत ठेवा, म्हणजे त्याला कबूल केलेली तारीख त्यांच्याही डोळ्यांसमोर राहील.