हँगरचं नंतर पाहू, आधी ती पॉलिसी परत करा

नमस्कार काकाजी,

वरुडजवळचं चार एकर वावर विकून ६४ लाख आले. कॅनडात विनिपेगला असलेल्या मुलाला त्याच्या छोट्या विमानासाठी हँगर, म्हणजे विमान ठेवायची शेड, बांधायचंय, त्याला ३० लाख पाठवू का, असं तुम्ही विचारलंय. पण माझी झोप उडवली ती पत्रातल्या शेवटच्या ओळीने. बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून तुम्ही वर्षाला ८ लाखांची ‘गॅरंटीवाली’ पॉलिसी घेतली, दहा वर्षांची!

८० लाखांचा शब्द देऊन बसलात. पहिला हप्ता गेला, उरले ५६. मुलाला ३० दिले की २६. त्यात आणखी तीन हप्ते. पाचवा कुठून आणणार? राहिलेला संत्र्याचा बगीचा आंबिया बहारात व्यापाऱ्याला ठोक देऊन चारेक लाख येतात, त्यावर घर चालतं. फळगळ झाली की तेही नाही.

आणि मिळणार काय? पंधराव्या वर्षी १ कोटी २० लाख. हिशेब केला तर वर्षाला जेमतेम चार टक्के. ‘टॅक्स फ्री’ तर नाहीच. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा पॉलिसींचा वर्षाचा हप्ता ५ लाखांवर गेला की मुदतीअखेरच्या नफ्यावर कर लागतो. ६१ वर्षांच्या शेतकऱ्याच्या गळ्यात हे बांधणाऱ्याचा मला मनस्वी राग येतो.

कागद हाती येऊन बाराच दिवस झालेत, हे नशीब. ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, याला ‘फ्री लूक’ म्हणतात. बँकेत नाही, थेट विमा कंपनीच्या शाखेत जा. लेखी अर्ज, मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. स्टॅम्प, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी रक्कम परत येते. “तीन वर्षं तरी भरा” म्हणतील, ऐकू नका.

मग ३० लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला साडेएकसष्ट हजार येतील.

आता हँगर. तिथे माती खोलवर गोठते आणि फुगून पाया उचलते, म्हणून पाया दोनेक मीटर खाली न्यावा लागतो. छताने बर्फाचा भार पेलायला हवा. चार सीटच्या साध्या विमानाचे पंखच ३६ फूट, म्हणजे दार चाळीसचं, शिवाय आत गरम ठेवण्याचा खर्च दर हिवाळ्याला. उरलेली जागा भाड्याने देऊन पाच वर्षांत पैसे वसूल होतील, ही मुलाची नुसती आशा आहे. जमीन विमानतळाची, भाडेपट्ट्यावर. पट्टा संपल्यावर बांधकाम कोणाचं, हे त्याला आधी विचारा. तोवर इंजिनाला विजेचा हीटर आणि जाड कव्हर लावून काम भागतं.

द्यायचेच तर १० लाख द्या, परत येणार नाहीत असं धरून. एका आर्थिक वर्षात त्याहून जास्त पाठवलं की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. ३० लाखांवर ४ लाख, रिटर्न भरून परत मिळेपर्यंत अडकलेले.

भाडेपट्ट्याची प्रत आली की मला पाठवा. पॉलिसीचा अर्ज मात्र उद्याच द्या.